राहिलेली माती

पश्चात्ताप झालेल्या नवऱ्याबरोबर संसार करणं किती जिवावर येतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब सांगत नाहीत, महिला मंडळातल्या बायका तर नाहीच नाही. त्या फक्त प्रार्थना कर म्हणतात. मी नऊ वर्षं केली. दर महिन्याच्या सभेत माझी पाळी आली की एकच मागणं: प्रभू, माझ्या मालकांना पश्चात्तापाची बुद्धी दे, त्यांना पुन्हा तुझ्या मेजाशी आण. बायका "आमेन" म्हणायच्या आणि चहाकडं वळायच्या. नवव्या वर्षी देवानं ऐकलं, आणि मला पळता भुई थोडी झाली.

आमचे हे, मानसिंग, धंद्यानं गवंडी. भोर गावात आणि तिकडं वेल्ह्याच्या रस्त्यानं ह्यांच्या हातच्या भिंती पुष्कळ आहेत. चर्चच्या मागं आमचं कब्रस्तान आहे, त्याची छातीएवढी भिंतसुद्धा ह्यांनीच बांधली, तीही मजुरी न घेता. हात सोन्याचा, पण डोकं भडकलं की संपलं. नावातच मान, ती खाली कशी जाणार?

झालं होतं ते असं. चौऱ्याण्णवच्या नाताळात चर्चमध्ये भजन चाललं होतं. सावळारामभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "मानसिंग, सूर खाली आलाय." भाऊ म्हणजे मंडळीचे पंच, पोस्टातून निवृत्त झालेले, कानाचे फार तिखट. सूर खाली आला होताच, मी काय बहिरी नाही. पण ह्यांनी हातातला टाळ फेकला आणि तो भाऊंच्या कपाळावर बसला. टाके पडले. पंचांनी ठरवलं, मानसिंग मंडळीसमोर उभा राहून चूक कबूल करीपर्यंत त्याला प्रभुभोजन बंद, भाकरही नाही आणि द्राक्षारसही नाही. ह्यांनी तिथंच शपथ घेतली, "ह्या आवारात परत पाय ठेवीन तर बापाचा न्हाई!" शपथ घेऊ नये असं शास्त्र सांगतं. घेतली तर मोडू नये, असं ह्यांचं शास्त्र.

दोन महिन्यांनी आमची एस्तेर गेली. सात वर्षांची होती, आम्ही इस्तू म्हणायचो. ताप डोक्यात गेला. जीपनं पुण्याला नेत होतो, कात्रजच्या अलीकडंच सगळं संपलं.

कब्रस्तान चर्चच्या आवारातलंच, फाटक मात्र वेगळं, मागच्या रस्त्याला. लहानशी पेटी ह्यांनी त्या फाटकापर्यंत खांद्यावर आणली आणि फाटकात थांबले. पाय पुढं टाकेनात. सगळी मंडळी बघत उभी. शेवटी सावळारामभाऊ पुढं झाले, ह्यांच्या खांद्यावरची पेटी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. भाऊंच्या कपाळावरची खूण तेव्हा ताजी होती. आमच्यात पहिली मूठ माती बापानं द्यायची असते. ती मी दिली.

फाटकाबाहेर पाण्याचं पिंप ठेवलेलं असतं. माती देऊन आलेल्या माणसानं हात धुवायचे. हे त्या पिंपाशी तांब्या घेऊन उभे होते, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पाणी घालत होते. माझ्याही हातावर घातलं. बोलले काही नाहीत. स्वतःचे हात धुवायचं त्यांना कारणच नव्हतं.

मला हवं होतं ते एवढंच. त्या दिवसाबद्दल एक शब्द. पहिल्या वर्षी मी एकदा विषय काढला, तर भरल्या ताटावरून उठून गेले. पुन्हा काढला नाही. म्हटलं, देव ह्यांना पश्चात्ताप देईल तेव्हा सगळ्यात आधी हे माझ्याकडंच येतील. मी अशी भोळी.

यंदा मे महिन्यात चर्चच्या पटांगणात तीन दिवस उज्जीवन सभा होती, म्हणजे थंडावलेला विश्वास जागा करायची प्रवचनं. वक्ते सोलापूरकडचे, आवाज असा की कर्ण्याची गरज नव्हती, तरी कर्णा होता. हे शपथेपायी आत गेले नाहीत. रस्त्यापलीकडं दिलावरचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं बाकावर बसून तिन्ही संध्याकाळी ऐकलं. शपथही शाबूत आणि वचनही कानावर. तिसऱ्या दिवशी घरी आले ते डोळे पुसतच.

"रतन," म्हणाले, "म्या लई पापी मानूस."

"ते मला म्हाईत हाय," मी म्हणाले. "पुढं बोला."

माझ्या हातात कणकेचा गोळा होता. तो मी खाली ठेवला. नऊ वर्षं थांबले होते, हात तरी रिकामे असावेत म्हटलं.

"वक्ते म्हनले, देवाकडं जायच्या आदी मानसाकडं जा. ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जा, तोंडानं कबूल कर." हुंदका आवरला. "उद्या सकाळीच दिलावरकडं जायला पायजे."

मी गोळा परत उचलला.

पाळकसाहेब तरुण, आमच्याकडं येऊन दोनच वर्षं झालेली. त्यांना केवढा आनंद! जूनच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, त्याच दिवशी मानसिंगभाऊंना मंडळीत परत घेऊ म्हणाले. म्हणजे तोवर ह्यांना सगळी दारं उरकायची होती. दुसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तयार. वर मला हुकूम, "तू बी चल. साक्षीला कुनीतरी पायजे." मी शिकवते त्या बालवाडीला सुट्टी होती, नाहीतर मी सुटले असते.

दिलावर ग्रिल जोडत होता. ह्यांना बघून त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "ये मानसिंग, बस. च्या सांगतो."

हे बसले नाहीत. वर्गात कविता म्हणणाऱ्या पोरासारखे ताठ उभे राहून सुरू झाले. "दिलावर, म्या तुझा गुन्हेगार हाय. किकवीच्या त्या बंगल्याचं मोठं फाटक तू करनार व्हतास. म्या मालकाला सांगितलं, दिलावरचं वेल्डिंग पावसाळ्यात सुटतं. म्हनून ते काम शिरवळला गेलं."

दिलावरला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता झालं.

"ते फाटक तू घालवलंस?" तो उठूनच उभा राहिला. "अरं, म्या इतकी वर्सं झुल्फिकारवर डूख धरून बसलोय! सख्खा मेव्हना माझा! त्यानंच चुगली केली म्हनून त्याच्याशी बोलनं टाकलं, त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो न्हाई!"

"म्हनून तर माफी मागाया आलोय."

"आन आता मला त्याच्याकडं जायला लागंल, त्याचं काय?"

दोघं थोडा वेळ एकमेकांवर ओरडले, मग दोघांनाही रडू फुटलं, मग चहा आला. पश्चात्तापाची ही साथ सगळ्या तालुक्यात पसरणार, असं मला तिथंच दिसू लागलं.

दिलावरची बायको सकिना मला आत घेऊन गेली. इस्तूच्या वेळी ती कब्रस्तानात माझ्या शेजारी उभी होती. तिनंही माती दिली होती.

"रतन, तुझी मागितली का त्यानं?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"न्हाई."

"मागंल."

"कवा? म्या मेल्यावर?"

"मग तूच सांग की त्याला तोंडानं."

"मागून घेतलेली माफी म्हंजी वसुली, सकिना. वसुली म्या करनार न्हाई."

सकिनानं कपाळावर हात मारला. "तुमी दोगं बी सारखीच हाय," म्हणाली. मला राग आला, पण चहा चांगला होता म्हणून बसले.

त्यानंतर मार्गासनी. चेलाडीला उतरून वेल्ह्याची एसटी धरली. मे महिन्याचं ऊन, एसटीचा पत्रा तापलेला, आणि ह्यांच्या मांडीवर पिशवी. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही, तीच चूक झाली.

मार्गासनीचा चिमाजी शेतकरी माणूस. त्याच्या घराची मागची भिंत ह्यांनी बांधलेली. ती जरा बाहेर झुकली होती, हे ह्यांना तेव्हाच दिसलं होतं. पण पुन्हा उतरवायचा कंटाळा, म्हणून वरून जाड गिलावा मारून झाकली. हे सगळं ह्यांनी ओसरीवर उभं राहून सांगितलं. चिमाजी तंबाखू मळत ऐकत होता.

"भित पडली का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"पन वाकडी हाय, चिमाजी."

"माझी बायकू बी वाकडी हाय. चाळीस वर्सं घर धरून उभी हाय."

"ऐकतीया म्या!" आतून अंबूबाईचा आवाज आला.

"बरं, माफी दिली. बस आता."

इथं संपायला हवं होतं की नाही? ह्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. मागून छिन्नी, हातोडा आणि थापी निघाली. हे ती भिंत पाडून नव्यानं बांधायला आले होते! चिमाजी मागं धावला. "मानसिंग, भितीला हात लावशील तर दिलेली माफी परत घीन!" तेव्हा कुठं हे थांबले, तेही तोंड पाडून.

अंबूबाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं, भाकरी, कांदा. वाढता वाढता तिनं मला विचारलं, बायका विचारतात तसंच, "लेकरं किती?"

"एक ल्योक हाय. चाकनला कंपनीत असतो," मी म्हणाले. मग म्हणाले, "एक लेक व्हती."

अंबूबाईचा हात थांबला. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचा घास हातातच होता. आता बोलतील, निदान मान तरी हलवतील. हे दारातून बाहेर त्या भिंतीकडं बघत म्हणाले, "दोन बोटं तरी भायेर हाय."

मला वाटलं, उठावं आणि ती भिंत आपणच ह्यांच्या अंगावर ढकलावी.

परतीच्या एसटीत हे खूश. अंगावरचं ओझं उतरल्यासारखे बोटांवर मोजत बसले. दिलावर झाला, चिमाजी झाला, सावळारामभाऊ शेवटी.

"आनी कोन राहिलं?" मी विचारलं.

"आनी कोन?"

"आटवा नीट."

डोळे मिटून बसले. खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. एसटी खड्ड्यातून गेली, मी सीटला धरून बसले. चेलाडी जवळ आलं तेव्हा ह्यांनी डोळे उघडले.

"गेनबा!" म्हणाले. "किकवीचा गेनबा! बरी आटवन केलीस."

चालत्या गाडीतून उडी मारावी असं वाटलं. ह्यांना ढकलून द्यावं की आपण मारावी, एवढंच ठरेना.

गेनबा पूर्वी ह्यांच्या हाताखाली काम करायचा. एकदा ह्यांच्या चुकीनं स्लॅबला चीर गेली, ती ह्यांनी गेनबाच्या नावावर घातली, आणि गेनबा काम सोडून गेला. आम्ही किकवीला पोचलो तर गेनबा दोन वर्षांपूर्वीच वारला होता. भिंतीवर त्याचा फोटो होता, त्याला हार. सुनेला वाटलं आम्ही उशिरा का होईना, भेटायला आलो. ह्यांनी फोटोसमोर उभं राहून स्लॅबची सगळी हकिकत सांगितली. ऐकून सून रडली, हे रडले. मी कोरड्या डोळ्यांनी बशीतला चहा प्यायले. मेलेल्या माणसाची माफी मागायला आमचे हे किकवीला आले होते. आपल्या घरातलं कुणी मेलं होतं, ते काही आठवेना.

त्या दिवशी मी देवाशीही भांडले. म्हटलं, मागितलं ते दिलंस, पण भलत्याच पत्त्यावर. मग वाटलं, चूक माझीच असेल. मी दर वेळी "तुझ्या मेजाशी आण" म्हणत होते. "आधी माझ्याकडं आण" म्हणायचं सुचलंच नाही. आता मला काय ठाऊक, देवाला इतकं फोड करून सांगावं लागतं!

शनिवारी सावळारामभाऊंचं घर. भाऊ आता थकलेत, काठी लागते. हे उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसले. "भाऊ, म्या तुमचं रगत काडलं, तेबी देवाच्या घरात." भाऊंनी ह्यांना उठवायला हात दिला आणि स्वतःच तोल जाऊन ह्यांच्या गळ्यात पडले. कितीतरी वेळ दोघं तसेच.

"सूर तुझा खालीच आलता पन," भाऊ शेवटी म्हणाले.

"व्हय. खालीच आलता."

हे ह्यांच्या तोंडून ऐकायला नऊ वर्षं लागली. मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला.

"आता कुनाचं राहिलं न्हाई ना?" भाऊंनी विचारलं. "उद्या मंडळीसमोर विचारत्यात."

"न्हाई. सगळी झाली."

मी दाराला टेकून उभी होते. भाऊंनी ह्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. ती पेटी त्यांनीच वाहिली होती. मग ते खाली बघत काठी चाचपडू लागले.

संध्याकाळी मी उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. हे खाटेवर बसून नाताळचं ते जुनं भजन गुणगुणत होते.

"रतन," म्हणाले, "तुझ्या प्रार्थनेला फळ आलं बग."

इस्त्री चांगली तापली होती. ती मी शर्टावरच ठेवली, ही देवाची कृपा.

जेवायच्या आधी ह्यांनी प्रार्थना केली. दिलावरसाठी केली, त्याच्या मेव्हण्यासाठी केली, चिमाजीची भिंत पावसात टिकावी म्हणून केली, गेनबाच्या सुनेसाठी केली, सोलापूरच्या वक्त्यांच्या घशासाठीसुद्धा केली. भाकरी थंड झाली, आमटीवर साय धरली. मी एक डोळा उघडा ठेवून बसले होते, एक नाव येतंय का बघत. आलं नाही. "आमेन," हे म्हणाले. मी म्हणाले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी हे चर्चच्या आवारात आले. पुढच्या फाटकाशी क्षणभर थांबले, आत आले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं सगळ्यांनी धरून धरून अभिनंदन केलं, जसं काही मीच निवडून आले होते. पुढं मेजावर भाकर आणि द्राक्षारस, त्यावर पांढरं कापड. उपदेश झाल्यावर पाळकसाहेबांनी ह्यांना पुढं बोलावलं. ह्यांनी चूक कबूल केली, सावळारामभाऊंनी पुढं येऊन हात दिला. मग पाळकसाहेबांनी मंडळीला विचारलं, "ह्या भावाविरुद्ध कुणाच्या मनात काही आहे का?"

आमच्या मंडळीत हे तीनदा विचारायची रीत आहे. उत्तर द्यायची रीत नाही. माझ्या आठवणीत कधी कुणी उठलेलं नाही. पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. हे माझ्याकडं बघून हसले, आता झालंच, अशा अर्थानं. तिसऱ्यांदा विचारताना पाळकसाहेबांचा हात कापडाकडं गेलासुद्धा होता.

मी ठरवून उठले नाही. माझे गुडघे दुखतात, मी सहसा शेवटच्या प्रार्थनेलाही बसूनच असते. पण उठले.

"माझ्या मनात हाय," मी म्हणाले.

"रतन, खाली बस," हे दबक्या आवाजात म्हणाले. अजून मला खाली बसवायची हिंमत होती, बघा.

पाळकसाहेब गोंधळले. "रतनबाई, घरातलं काही असेल तर आपण उपासनेनंतर..."

"घरातलं न्हाई, साहेब. ह्याच आवारातलं हाय. मागं, भितीशेजारी."

पाळकसाहेबांना कळलं नाही. जुन्या माणसांना कळलं. एकेक मान खाली गेली. भाऊंनी चष्मा काढून हातात घेतला.

"ह्यांनी दिलावरची माफी मागितली," मी म्हणाले. माझा आवाज बालवाडीत चढतो तसा चढला होता. "चिमाजीची मागितली. मेलेल्या गेनबाची फोटोम्होरं मागितली. म्या दर ठिकानी संगं गेले, दर ठिकानी च्या प्याले. माझी मागू नका, मला नको. पन पोरीची माती राहिलीय. बापाची पयली मूठ राहिलीय. ती दिल्याबिगर ह्यांनी भाकर घेतली, तर म्या घेनार न्हाई. आज न्हाई आन कदीच न्हाई."

हे उभे होते तिथंच उभे राहिले. चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. मला वाटलं, आता हे चिडणार, काहीतरी फेकणार, पुन्हा नऊ वर्षं.

"मला ठावं हाय," हे म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"पयल्या दिसापासनं ठावं हाय. म्हनून तर बाकीच्यांकडं हिंडत व्हतो." शर्टाचं टोक हातात धरून चुरगळत होते, मी इस्त्री केलेलं. "दिलावर न्हाई म्हनला असता, तर म्या घरी आलो असतो. चिमाजीनं हाकललं असतं, तरी घरीच आलो असतो. तू न्हाई म्हनलीस, तर म्या कुटं जाऊ, रतन?"

म्हणजे हे मलाच भ्यायले होते. पण राग गेला नाही, खोटं कशाला सांगू? एवढं कळत होतं तर मला उन्हातान्हात मार्गासनीपर्यंत कशाला हिंडवलं?

"चला," मी म्हणाले.

भाकर झाकलेली तशीच राहिली. आम्ही दोघं पुढं, मागं पाळकसाहेब, काठी टेकत भाऊ, आणि मग सगळी मंडळी. कब्रस्तानाच्या फाटकाशी ह्यांचे पाय परत थांबले. तेच फाटक, तीच जागा. मी मागं वळून बघितलं नाही. मला पावलं ऐकू आली तेव्हा कळलं, की हे आत आले.

कबर मी दाखवणार होते. दाखवावी लागली नाही. हे सरळ तिच्याकडंच गेले, चिंचेच्या पलीकडं, कोपऱ्यात. भिंतीबाहेरून किती वेळा बघितली असेल, कुणास ठाऊक. मला कधी बोलले नाहीत.

गुडघ्यांवर बसले, हात जोडले, डोळे मिटले. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरं..."

ह्यांची प्रार्थना सुरू झाली की आमटीवर साय धरते, हे मी सांगितलंच आहे.

"प्रार्थना नंतर," मी म्हणाले. "आदी माती."

पाऊस अजून आला नव्हता. मुरूम भाजून दगड झाला होता. ह्यांनी बोटांनी उकरायला सुरुवात केली. आयुष्यभर माती आणि सिमेंट कालवलेले हात, पण मूठभर माती निघेना. भाऊ काठी पुढं करायला लागले. "राहू द्या, भाऊ," मी म्हणाले. हे नखांनी खरवडत राहिले. घामाचे थेंब मातीत पडत होते, ते घामाचेच होते असं मी धरून चालले. शेवटी एक मूठ भरली.

मूठ धरून हे तसेच बसले. "इस्तू," म्हणाले. पुढं काही आलं नाही. पुन्हा म्हणाले, "इस्तू." मग मूठ उघडली. माती खाली पडली, थोडी बोटांना चिकटून राहिली.

मला रडू आलं. नऊ वर्षं मी प्रार्थनेत रडत आले, बायकांच्या देखत, पदर लावून. हे रडू तसं नव्हतं. पदर वगैरे काही सुचला नाही.

फाटकाबाहेर पिंप नव्हतं, आज कुठं कुणाचा दफनविधी होता? मी चर्चच्या नळावरून तांब्या भरून आणला. हे फाटकाबाहेर, पूर्वी उभे होते त्याच जागी, मातीचे हात अंगापासून लांब धरून उभे होते. माझ्याकडं बघत होते. मंडळी वाट सोडून बाजूला झाली होती.

"हात पुढं करा," मी म्हणाले.

ह्यांनी केले. मी पाणी घातलं. एका नखाखालून रक्त येत होतं.

"नीट चोळा," मी म्हणाले. "त्याच हातानं भाकर घ्यायचीय."